नोकरीसाठी नव्या महानगरात जाताना: पहिल्या तीन महिन्यांची आखणी

शिक्षण संपते, नोकरीचे पत्र हातात येते आणि रुजू होण्याच्या तारखेला जेमतेम काही आठवडे उरलेले असतात. या थोड्या अवधीत राहण्याची सोय, पैशांची जुळवाजुळव, कागदपत्रे, सामान आणि प्रवास ही सगळी कामे एकदमच अंगावर येतात. ती एकदाची उरकावीत या घाईत नेमके तेच निर्णय आधी घेतले जातात जे नंतर बदलायला सर्वांत महाग पडतात: शहर न पाहता केलेला वर्षभराचा भाडेकरार, पहिला पगार हातात येण्यापूर्वी हप्त्यांवर घेतलेले सामान, पुरती ओळख नसलेल्या व्यक्तीबरोबर भाड्यातली भागीदारी. पुढील सर्व सूचना म्हणूनच एका सूत्राला धरून मांडल्या आहेत. जो निर्णय सहज फिरवता येतो तो आधी घ्यावा आणि ज्यात आपण बांधले जातो तो शहराची पुरेशी ओळख होईपर्यंत लांबणीवर टाकावा. या ओळखीसाठी साधारण तीन महिने पुरतात, असे गृहीत धरून ही आखणी केली आहे.

पहिली पायरी: पत्र स्वीकारण्याआधी

नोकरीच्या पत्रावर आनंदाच्या भरात सही करण्याआधी ते शांतपणे पूर्ण वाचून काढावे. वार्षिक पगाराचा आकडा त्यात ठळकपणे दिलेला असतो, परंतु घरभाडे त्या आकड्यातून भरायचे नसते. कर, निवृत्तिवेतनासाठीची कपात आणि विम्याचा हप्ता वजा जाता दर महिन्याला जी रक्कम खात्यात जमा होते, तिच्यातून ते भरायचे असते. शिवाय कामगिरीवर अवलंबून असणारा बोनसही अनेकदा एकूण आकड्यात धरलेला असतो. त्यामुळे मासिक पगाराचा कपातींसह तपशील लेखी मागून घ्यावा. असा तपशील मागणे हा आगाऊपणा नाही. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ही विचारणा रोजची असते.

त्याच पत्रव्यवहारात आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. कार्यालयाचा नेमका पत्ता कोणता, कारण मोठ्या कंपन्यांची एकाच शहरात अनेक कार्यालये असतात आणि प्रशिक्षण एका ठिकाणी व प्रत्यक्ष नेमणूक दुसऱ्याच टोकाला असे घडू शकते. आठवड्यातून किती दिवस कार्यालयात यावे लागेल आणि रात्रपाळी आहे का. पगार कोणत्या तारखेला होतो, आणि महिन्याच्या कोणत्या तारखेनंतर रुजू झाल्यास त्या महिन्याचा पगार पुढच्या पगाराबरोबर मिळतो. हा शेवटचा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. महिन्याच्या उत्तरार्धात रुजू होणाऱ्याला पहिल्या पगारासाठी सव्वा ते दीड महिना थांबावे लागू शकते, आणि या काळाची तरतूद केलेली नसेल तर पहिल्याच महिन्यात उसनवारीची वेळ येते.

स्थलांतरासाठी कंपनी भत्ता देणार असेल तर तो आगाऊ मिळणार की खर्चाची बिले दाखवल्यावर, हे समजून घ्यावे. ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो का, हे कलमही वाचावे. बिले लागणार असतील तर प्रवासाच्या तिकिटापासून सामानवाहतुकीच्या पावतीपर्यंत सर्व कागद एका पाकिटात जपून ठेवावेत आणि त्यांची छायाचित्रेही काढून ठेवावीत.

दुसरी पायरी: पहिल्या पगारापर्यंतचे पैसे

पैशांचा हिशेब महिन्याच्या खर्चापासून नव्हे, तर एकदाच करायच्या खर्चापासून सुरू करावा. प्रवास, तात्पुरत्या मुक्कामाचे भाडे, घराची अनामत रक्कम, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे, मध्यस्थ असल्यास त्याची दलाली, आणि गादी, बादली, दिवा, मोजकी भांडी अशा किरकोळ वाटणाऱ्या पण बेरजेत जड जाणाऱ्या वस्तू. या रकमेत पहिला पगार येईपर्यंतचा जेवणखाणाचा व प्रवासाचा खर्च मिळवावा. यातून जो आकडा येईल तेवढे पैसे निघण्यापूर्वी हाताशी असावेत. ते घरच्यांकडून घ्यावे लागत असतील तर रक्कम आणि परतफेडीची मुदत मोकळेपणाने बोलून ठरवावी. मोघम ठेवलेला व्यवहार घरातल्या घरातही अवघड होऊन बसतो.

याशिवाय एक रक्कम पूर्णपणे वेगळी ठेवावी: घरी परतण्याचे तिकीट आणि एका महिन्याचा साधा खर्च. या रकमेला घराच्या अनामतीसाठीही हात लावू नये. नोकरी नीट न निघाल्यास किंवा घरी काही अडचण उद्भवल्यास ताबडतोब निघता येईल, एवढा आधार पाठीशी असला की बाकीचे निर्णय भीतीपोटी घ्यावे लागत नाहीत.

भाडे उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. या आकड्यामागचा इतिहास ठाऊक असला तर त्याचा वापर अधिक समजून करता येतो. अमेरिकेत 1969 साली सार्वजनिक घरांतील भाडेकरूंसाठी उत्पन्नाच्या 25 टक्के अशी भाड्याची कमाल मर्यादा कायद्याने घालण्यात आली आणि 1981 साली ती 30 टक्क्यांवर नेण्यात आली. म्हणजे हा आकडा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आखलेल्या सरकारी धोरणातून आलेला आहे. नुकत्याच नोकरीला लागलेल्या एकट्या व्यक्तीच्या गरजा मोजून तो काढलेला नाही. माझ्या मते भाडे आणि रोजच्या प्रवासाचा खर्च यांची बेरीज करून तिला हातात येणाऱ्या पगाराच्या सुमारे 40 टक्क्यांची मर्यादा घालणे अधिक उपयोगाचे आहे, कारण दूरचे स्वस्त घर आणि जवळचे महाग घर यांची खरी तुलना त्याशिवाय होत नाही. इमारतीचा देखभाल खर्च, वीज, पाणी आणि इंटरनेट हे भाड्यातच धरावेत. घरमालकाने सांगितलेला आकडा त्यांच्यासह आहे की त्यांच्याविना, हे पहिल्याच संभाषणात स्पष्ट करून घ्यावे.

तिसरी पायरी: कागदपत्रे आणि सामान

ओळखपत्र, पदवी व गुणपत्रके, नोकरीचे पत्र, बँकेचे तपशील, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि वैद्यकीय कागद यांची मूळ प्रत, दोन छायाप्रती आणि फोनव्यतिरिक्त अन्यत्र साठवलेली डिजिटल प्रत असावी. मूळ कागद प्रवासात नेहमी जवळच्या पिशवीत ठेवावेत, मोठ्या सामानात नव्हे. बँक खात्याशी आणि ओळखपत्राशी जोडलेला फोन क्रमांक निदान पहिले काही महिने बदलू नये. पडताळणीचे संदेश जुन्या क्रमांकावर जात राहतात आणि ऐन गरजेच्या वेळी स्वतःचेच खाते वापरता येत नाही.

सामान दोन पिशव्यांत मावेल एवढेच न्यावे. उरलेले नंतर मागवता येते.

चौथी पायरी: आधी तात्पुरता मुक्काम

रुजू होण्याच्या तीन-चार दिवस आधी शहरात पोहोचावे आणि दोन ते चार आठवड्यांसाठी वसतिगृह, पाहुण्यांची खोली किंवा महिन्याच्या बोलीवर मिळणारी सामायिक खोली घ्यावी. या मुक्कामाचे रोजचे भाडे कायमच्या घरापेक्षा जास्त पडते आणि त्यामुळे अनेकांना तो वायफळ खर्च वाटतो. वस्तुतः तो शहर ओळखण्यासाठी मोजलेला मोबदला असतो. फोनवर छायाचित्रे पाहून अकरा-बारा महिन्यांसाठी घेतलेले चुकीचे घर मुदतीआधी सोडायचे झाले तर जे नुकसान होते, त्यापुढे हा खर्च फारच लहान आहे. शहरात नातेवाईक किंवा मित्र असतील तर त्यांच्याकडे अवश्य उतरावे, मात्र किती दिवस राहणार हे जाण्यापूर्वीच सांगावे आणि त्या तारखेला खरोखर निघावे.

पाचवी पायरी: घर निवडणे

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण नोकरीखालोखाल रोजचे जगणे घडवणारा निर्णय हाच असतो.

सुरुवात घरापासून नव्हे, कार्यालयापासून करावी. प्रवासाच्या वेळेचा अभ्यास करणारे चेझारे मार्केटी यांनी 1994 साली असे निरीक्षण मांडले की वाहने कितीही वेगवान झाली तरी माणसे दिवसातला सरासरी एक तासच ये-जा करण्यात घालवतात. वेग वाढला की शहरे पसरतात, वेळ वाचत नाही. महानगरात हा एक तास सहज तीन तासांचा होतो, आणि ते दोन जादा तास झोप, व्यायाम व स्वयंपाक यांतूनच जातात. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या 909 नोकरदार स्त्रियांच्या दिनक्रमावर 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले होते की दिवसभरातल्या कामांपैकी सकाळी कामावर जाण्याचा प्रवास हा सर्वांत कमी आनंदाचा होता. घर पाहताना माणूस खोलीचा आकार, खिडकी आणि फरशी पाहतो, कारण त्या डोळ्यांसमोर असतात. रोजचा प्रवास तिथे दिसत नाही म्हणून त्याचे वजन कमी धरले जाते.

म्हणून ज्या भागात घर घ्यायचे मनात आहे, तिथून कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी, ज्या वाहनाने रोज जाणार त्याच वाहनाने एकदा कार्यालयापर्यंत जाऊन पाहावे आणि संध्याकाळी परतही यावे. नकाशावरचे ॲप दाखवते तो वेळ दारापासून दारापर्यंतचा असतोच असे नाही. जिने, रांग, गाडीची वाट आणि शेवटचा पायी टप्पा त्यात मिळवावा लागतो. वाहन जितक्या वेळा बदलावे लागेल, तितकी उशिराची शक्यता वाढते. दोन ठिकाणी वाहन बदलावे लागणाऱ्या चाळीस मिनिटांपेक्षा एकाच गाडीत बसून होणारी पन्नास मिनिटे मी केव्हाही पत्करेन. रात्रीची शेवटची गाडी किती वाजता असते आणि त्यानंतर घरी पोहोचायला काय साधन आहे, हेही याच फेरीत विचारून घ्यावे. तिथल्या फुटपाथवर रात्री दिवे आहेत का, दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात, एकट्या बायका उशिरा ये-जा करताना दिसतात का, या गोष्टी प्रत्यक्ष उभे राहून पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

भाग ठरला की मगच घरे पाहावीत, आणि प्रत्येक घर निदान दोनदा पाहावे, एकदा उजेडात आणि एकदा अंधार पडल्यावर. आत गेल्यावर स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडावा आणि तो चालू असतानाच न्हाणीघरातला सोडून पाहावा. दुसरी धार एकदम बारीक झाली तर सकाळच्या घाईत पाणी पुरणार नाही, हे समजावे. संडासात पाणी सोडून ते किती वेळात निघून जाते आणि टाकी पुन्हा भरते का, ते बघावे. कपाटाचे दार उघडून आतल्या मागच्या फळीला हात लावावा. भिंतीला नवा रंग देऊन ओल झाकता येते, पण कपाटातला कुबट वास आणि फळीचा दमटपणा सहसा तसाच राहिलेला असतो. पलंग जिथे ठेवणार त्या कोपऱ्यात उभे राहून एखाद्याला फोन लावावा. सगळ्या खिडक्या बंद करून मिनिटभर गप्प उभे राहावे आणि बाहेरचा किती आवाज आत येतो ते ऐकावे. शेवटी शेजारचे दार ठोठावून पाणी, वीज आणि घरमालक या तिन्हींबद्दल विचारावे. आधीचा भाडेकरू का गेला, याचे खरे उत्तर बहुधा शेजारीच देतो.

फसवणुकीची रीत साऱ्या महानगरांत जवळपास सारखीच आहे. भाडे त्या भागाच्या मानाने फारच कमी असते, छायाचित्रे सुरेख असतात, मालक परगावी किंवा परदेशी असल्यामुळे घर दाखवता येत नाही असे सांगितले जाते आणि इतर अनेक लोक मागे लागले आहेत म्हणून आजच थोडी रक्कम पाठवून घर राखून ठेवण्याचा आग्रह होतो. घर आतून पाहिल्याशिवाय आणि ते दाखवणाऱ्याला भाड्याने देण्याचा अधिकार आहे याचा कागद बघितल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. पुढे द्यायची रक्कमही रोख न देता बँकेमार्फत द्यावी आणि तिची लेखी पावती घ्यावी.

भाडेकरार सही करण्याआधी एक दिवस घरी आणून वाचावा. घरमालक घाई करू लागला तर त्यातूनच त्याच्याशी पुढे कसा व्यवहार होणार याची कल्पना येते. करारात पाहायच्या गोष्टी अशा: अनामत रक्कम किती, ती कोणत्या कारणांसाठी कापली जाऊ शकते आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत मिळेल, घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची आणि ती दोन्ही पक्षांना सारखीच लागू आहे का, ठरावीक महिने घर सोडताच येणार नाही अशी अट आहे का, भाडेवाढ केव्हा व किती, दुरुस्ती कोणी करायची, पाहुणे राहण्यावर बंधने कोणती. तोंडी दिलेली आश्वासने, मग ती पंखा बदलून देण्याची का असेनात, करारात किंवा निदान लेखी संदेशात उतरवून घ्यावीत. भाडेकरूंचे संरक्षण करणारे कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, म्हणून करारनोंदणीची तिथली पद्धत कार्यालयातल्या जाणकार सहकाऱ्याला विचारावी.

किल्ली हातात आली की सामान आत नेण्यापूर्वी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढावा. भिंतींवरचे डाग, फुटलेली फरशी, दारांच्या कड्या, नळ आणि मीटरवरचे आकडे त्यात स्पष्ट दिसावेत, आणि तो त्याच दिवशी घरमालकाला पाठवून द्यावा. त्यावर तारीख आपोआप पडते. घर सोडताना अनामतीवरून होणारे बहुतेक वाद या पाच मिनिटांच्या कामाने टळतात.

इतरांबरोबर राहायचे असेल तर खोलीइतकीच माणसेही पारखावीत. भाडे कोणाच्या नावाने आणि कोणत्या तारखेला जाते, साफसफाईची विभागणी कशी आहे, रात्री किती वाजेपर्यंत जाग असते, पाहुणे किती येतात, धूम्रपान चालते का, आणि मुदतीआधी एकजण निघून गेला तर त्याच्या वाट्याचे भाडे कोण भरणार, हे राहायला जाण्यापूर्वी विचारावे. जिवलग मित्राबरोबर राहणार असाल तरी हे बोलणे टाळू नये. मैत्रीत हिशेब कशाला, म्हणून सोडून दिलेले प्रश्नच पुढे मैत्रीच्या आड येतात.

सहावी पायरी: आजारी पडण्यापूर्वी

घर लागले की पहिल्याच आठवड्यात जवळचा डॉक्टर, चोवीस तास उघडे असणारे रुग्णालय आणि औषधांचे दुकान कुठे आहे ते चालत जाऊन पाहून यावे. कंपनीचा आरोग्य विमा कोणत्या तारखेपासून लागू होतो आणि कोणत्या रुग्णालयांत चालतो, हे विचारून त्याचे कार्ड फोनमध्ये ठेवावे. नेहमीची औषधे असतील तर महिनाभराचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. घराची जादा किल्ली विश्वासातल्या एका व्यक्तीकडे द्यावी. त्या व्यक्तीचा क्रमांक आई-वडिलांकडे आणि आई-वडिलांचा क्रमांक त्या व्यक्तीकडे असावा. मध्यरात्री ताप चढला आणि फोन उचलण्याचीही ताकद नसली, तर ही साखळीच कामी येते.

सातवी पायरी: माणसे जोडणे

पहिले काही आठवडे धावपळीत जातात आणि त्यानंतर एखाद्या सुट्टीच्या दिवशी लक्षात येते की दिवसभरात आपण कोणाशी बोललोच नाही. हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो आणि त्यावरून शहर आपल्यासाठी नाही, असा निष्कर्ष काढू नये. महाविद्यालयात मैत्री जमते, कारण तीच माणसे रोज, विनाकारण, तासन् तास भेटत असतात. नोकरी लागल्यावर ती परिस्थिती आपोआप उरत नाही, ती घडवून आणावी लागते.

यामागे वेळेचे साधे गणित आहे. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गेल्या सहा महिन्यांत नव्या जागी राहायला गेलेल्या प्रौढांना आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले होते. नुसत्या ओळखीतून हलकीशी मैत्री व्हायला सुमारे 50 तास, मित्र म्हणण्याजोगे नाते व्हायला सुमारे 90 तास आणि जवळची मैत्री जुळायला 200 हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज होता. कामाच्या निमित्ताने एकत्र घालवलेल्या तासांचा उपयोग मात्र त्या मानाने कमी होतो, असेही त्यांना दिसले. म्हणूनच सहकाऱ्यांशी दिवसभर बोलूनही एकटेपणा उरू शकतो.

त्यामुळे एकदाच होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमांपेक्षा दर आठवड्याला ठरल्या वेळी होणारी एखादी लहान गोष्ट धरावी. सकाळी धावणारा गट, ग्रंथालयातले वाचनमंडळ, गाण्याचा किंवा भाषेचा वर्ग, स्वयंसेवी काम यांपैकी काहीही चालेल, पण तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटली पाहिजेत. पहिल्या दोन-तीन वेळा अवघडल्यासारखे वाटेल, तरी जाणे सोडू नये. शेजाऱ्यांनाही गृहीत धरू नये. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी कुटुंबांच्या वसाहतीत झालेल्या आणि 1950 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मैत्री कोणाशी होते हे आवडीनिवडींपेक्षा दारांमधल्या अंतरावर अधिक अवलंबून असल्याचे दिसले होते. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशीही ओळख होत होती, कारण ती सगळी माणसे त्यांच्याच दारावरून जात. जिन्यात भेटणाऱ्याला आपण होऊन नाव सांगण्यात काही कमीपणा नाही.

शहराची भाषा वेगळी असेल तर आकडे, दिशा, वेळ आणि आभाराचे शब्द निघण्यापूर्वीच शिकून घ्यावेत. कार्यालयात त्यांच्यावाचून अडत नाही, पण भाजीवाला, चालक, सुरक्षारक्षक आणि घरमालक यांच्याशी व्यवहार त्याच भाषेत होतो आणि मोडकेतोडके का होईना बोलणाऱ्याशी लोक आपुलकीने वागतात.

घरी रोज फोन करावा, पण बोलण्याची वेळ ठरवून. संध्याकाळ सगळी फोनवरच गेली तर नव्या शहरात ओळखी होण्याचे तासच शिल्लक राहत नाहीत, हे आई-वडिलांनाही समजावून सांगता येते.

आठवी पायरी: तीन महिन्यांनंतरचा आढावा

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस कागद घेऊन बसावे आणि तीन पगारांचा प्रत्यक्ष खर्च सुरुवातीच्या अंदाजाशेजारी लिहावा. रोजच्या प्रवासाला खरोखर किती वेळ लागतो, आठवड्यातून किती वेळा घरी जेवण होते, महिनाअखेर किती पैसे उरतात आणि अडचणीच्या वेळी हाक मारता येईल अशी या शहरात किती माणसे आहेत, याची उत्तरे लिहून काढावीत. प्रवास फार होत असेल तर भाग बदलावा, पैसे उरत नसतील तर सामायिक घर पाहावे आणि प्रकृती किंवा मन सतत खालावत असेल तर घरच्यांशी व डॉक्टरांशी बोलावे. नोकरीच रुचत नसेल तर राजीनाम्याची मुदत, भत्त्याच्या परतफेडीचे कलम आणि भाडेकराराची मुदत या तिन्ही तारखा एकत्र मांडून मगच पाऊल उचलावे.

लांब मुदतीचा भाडेकरार, पलंग-कपाटासारखे फर्निचर, वाहन आणि हप्त्यांवरची खरेदी यांचा विचार या आढाव्यानंतर करावा. घर बदलायचे ठरल्यास सूचना करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी द्यावी, अनामत परत मिळण्याची तारीख त्याच पत्रात नमूद करावी आणि किल्ली परत देताना पहिल्या दिवसाचा तो व्हिडिओ घरमालकासमोर उघडून खोली त्याच क्रमाने एकत्र पाहून घ्यावी.